एक सेंटिमीटरवरून: ऑलिंपस टीजी-६ आणि पाण्याखालची चार वर्षं

क्लाऊनफिशची ताजी अंडी नारिंगी असतात. समुद्रफुलाच्या बुंध्याशी, त्याच्या मऊ झालरीच्या आडोशाला, जोडी आधी दगड तोंडाने खरवडून लख्ख करते आणि मग मादी त्यावर दाटीवाटीने अंडी चिकटवते. दोन हातांवरून पाहिलं तर दगडाला कुणी शेंदूर लावलाय एवढंच दिसतं. माझ्या जुन्या कॅमेऱ्यातल्या फोटोंतही तेवढंच दिसायचं. नऊ मीटरवरच्या एका समुद्रफुलापाशी मी पहिल्यांदा टीजी-६ घेऊन गेले, मायक्रोस्कोप मोड लावला आणि मागच्या पडद्यावर प्रत्येक अंडं सुटं दिसलं. तांदळाच्या कणीएवढी लांबट कुपी, एका टोकाने दगडाला घट्ट धरलेली, आत नारिंगी बलक. पाणी जरा हललं की सगळ्या कुप्या एकदम एका अंगाला कलायच्या आणि पुन्हा सरळ व्हायच्या, वाऱ्यावर डोलणाऱ्या कणसांसारख्या. त्या डाइव्हमध्ये मी दुसरीकडे कुठे गेलेच नाही.

पुढचे आठ दिवस मी त्याच दगडावर रोज जात राहिले. त्याबद्दल पुढे सांगते, कारण हा कॅमेरा कशासाठी घ्यावा ते मला त्या आठवड्यात कळलं.

आधी सामान सांगते. कॅमेरा ऑलिंपस टफ टीजी-६. सोबत त्याच कंपनीचं पीटी-०५९ हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची पाणीबंद पेटी, एक स्ट्रोब (बाहेरून जोडायचा मोठा फ्लॅश), एक छोटा फोकस लाइट आणि हे सगळं धरायला एक ट्रे. कॅमेरा २०१९ साली आला, १२ मेगापिक्सेलचा आहे, झूम २५ ते १०० मिलिमीटरच्या तोडीची. रुंद टोकाला लेन्स एफ/२ पर्यंत उघडते आणि फोटो रॉ फॉरमॅटमध्येही साठवता येतात. नुसता कॅमेरा १५ मीटरपर्यंत पाणी सहन करतो, हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत. पंधराचा आकडा वाचून हाउसिंगशिवाय स्कूबाला उतरायचा मोह बऱ्याच जणांना होतो. कृपया उतरू नका. स्नॉर्केलिंगपुरतं ते ठीक आहे. डाइव्हवर एखाद्या पाकटामागे चार मीटर खाली कधी सरकलो ते आपल्याला कळतही नाही.

माझ्या खात्यावर दीडशेच्या वर डाइव्ह आहेत. पहिल्या पन्नास मी हातात काहीही न घेता केल्या, आणि कुणी सल्ला विचारला तर तेच सांगते. तरंगणं अंगवळणी पडायच्या आधी हातात कॅमेरा आला की माणूस गुडघे टेकतो, फिन्स प्रवाळावर आपटतो, आणि वीस वर्षं वाढलेली फांदी एका लाथेत मोडते. श्वासावर वर-खाली होता आलं पाहिजे. एका जागी, कुठेही हात न लावता, दोन मिनिटं स्थिर राहता आलं पाहिजे. तोवर कॅमेरा घेऊ नये, हाही नाही आणि दुसराही नाही.

आता मुद्द्याचं. मी मोठं सामानही वापरून पाहिलंय. एका मैत्रिणीचा मिररलेस (लेन्स बदलता येणारा, मोठा) कॅमेरा, ॲल्युमिनियमचं हाउसिंग, दोन लांब हातांवर दोन स्ट्रोब, असं धूड घेऊन मी चार डाइव्ह केल्या. त्यातले फोटो टीजीपेक्षा सरस आले यात वादच नाही. सावल्यांमध्ये तपशील राहतो, पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळते, अंधारात फोकस चटकन बसतो. पण त्या चार डाइव्हमध्ये काय काय पाहिलं हे मला आज आठवत नाही. माझं सगळं लक्ष त्या हातांच्या सांध्यांकडे आणि डायलकडे होतं. टीजी-६ एका मुठीत मावतो. दुसरा हात मोकळा राहतो, नजर मोकळी राहते, आणि समोरचा जीव काय करतोय ते आधी पाहून मग कॅमेरा उचलता येतो. मी हाच कॅमेरा ठेवला त्याचं कारण एवढंच.

मायक्रोस्कोप मोड हा या कॅमेऱ्याचा जीव आहे. साधारण कॉम्पॅक्ट कॅमेरे झूम केली की जवळचा फोकस गमावतात. हा या मोडमध्ये लेन्सपासून १ सेंटिमीटर ते ३० सेंटिमीटर एवढ्या टापूत पूर्ण झूमवरही फोकस करतो. नवीन माणूस हे वाचतो आणि कॅमेरा जनावराच्या नाकाला टेकवतो. मीही सुरुवातीला तेच केलं. त्यात दोन घोटाळे होतात. एक म्हणजे एवढ्या जवळ काच आली की कुठलाही जीव बिळात शिरतो. दुसरं म्हणजे काच आणि जीव यांच्यामध्ये स्ट्रोबचा उजेड शिरायला फटच उरत नाही, आणि फोटोत अर्धा भाग काळा येतो. खरी युक्ती उलटी आहे: झूम पूर्ण लांबवायची आणि थोडं मागे राहायचं. पाच-सात सेंटिमीटर अंतर मिळालं की उजेडही पोचतो आणि समोरच्याला श्वास घ्यायला जागा राहते. फ्लॅश 'फिल'वर (म्हणजे दर फोटोला उडेल असा), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, फोकसचा चौकोन मधोमध. फोकस बसला की अर्धं दाबलेलं बटन धरून ठेवून, आपलं अंग श्वासाने किंचित पुढे-मागे न्यायचं आणि डोळा स्पष्ट झाला की बटन दाबायचं. कॅमेऱ्यात फोकस पीकिंग आहे, म्हणजे स्पष्ट झालेल्या कडा रंगीत उजळतात. पडद्यावर ते बघत श्वासावर सरकणं हे हातमागाच्या धोट्यासारखं अंगात भिनतं, पण त्याला तीस-चाळीस डाइव्ह जातात.

न्यूडिब्रँक म्हणजे कवच टाकलेल्या समुद्री गोगलगायी. त्यांच्यासाठी याहून सोयीचा कॅमेरा मी पाहिलेला नाही. जगात त्यांच्या ३,००० हून अधिक जाती माहीत आहेत आणि कित्येक नखाएवढ्याही नसतात. पळत नाहीत, बिळात शिरत नाहीत. डोक्यावर दोन शिंगं असतात त्यांना रायनोफोर म्हणतात, वासाची इंद्रियं ती. त्यांवर पानाच्या शिरांसारख्या चुण्या असतात आणि त्या चुण्या मला पहिल्यांदा या कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसल्या. काही जाती हायड्रॉइड (दंश करणारे, झुडपासारखे दिसणारे समुद्री जीव) खातात, पण त्यांच्या दंशपेशी पचवत नाहीत. न फुटता त्या पेशी स्वतःच्या पाठीवरच्या बोटांच्या टोकांना नेऊन ठेवतात आणि स्वसंरक्षणाला वापरतात. अशा एकीचा फोटो घरी मोठा करून पाहिला तर त्या बोटांच्या टोकांशी फिकट पिशव्या दिसत होत्या. मी बराच वेळ त्या पडद्यासमोर बसून होते.

उजेडाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पाण्याखालचे नव्वद टक्के फोटो तिथेच फसतात. पाणी लाल रंग आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच तो विटायला लागतो, आणखी तेवढंच खाली गेलं की जवळपास संपतो. मग नारिंगी, मग पिवळा. वीस मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. हे फक्त खोलीचं गणित नाही. तुमच्या आणि माशाच्या मधलं पाणीही तेवढंच गिळतं, म्हणून स्ट्रोब असूनही दोन मीटरवरच्या माशाचा फोटो निळाच येतो. त्यात आणखी एक फसवणूक आहे. मास्कच्या काचेतून प्रकाश वळतो आणि सगळं एक चतुर्थांश जवळ, एक तृतीयांश मोठं भासतं. आपल्याला वाटतं आलो की जवळ, पण जवळ आलेलो नसतो. टीजी-६ मध्ये पाण्याखालचे तीन वेगळे व्हाइट बॅलन्स (रंग सुधारायच्या सेटिंग) आहेत, उथळ, मध्यम आणि खोल. स्ट्रोब नसेल तर आठ-दहा मीटरपर्यंत ते खरोखर कामाला येतात. त्याखाली जो रंग पाण्याने गिळलाच आहे तो कुठलीही सेटिंग परत आणू शकत नाही. तिथे स्ट्रोब लागतोच.

विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी १९२६ साली फ्लोरिडाजवळ पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, तेव्हा उजेडासाठी पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. स्फोटच तो. हॉगफिश नावाच्या एका माशाच्या रंगासाठी माणसांनी एवढं केलं. माझा स्ट्रोब मुठीएवढा आहे. तो हाउसिंगला फायबर ऑप्टिक केबलने जोडलेला आहे. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उडाला की केबलमधून तो उजेड जातो आणि स्ट्रोब पेटतो. हाउसिंगला जास्तीचं भोक नाही, म्हणजे पाणी शिरायला जास्तीची वाट नाही.

स्ट्रोब कुठे धरायचा हे मी फार उशिरा शिकले. लेन्सच्या शेजारून सरळ समोर उजेड टाकला की पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि फोटोवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. स्ट्रोब बाजूला न्यायचा, थोडा मागे घ्यायचा आणि तोंड किंचित बाहेर वळवायचं. उजेडाच्या झोताची फक्त कड जिवावर पडली पाहिजे, मधलं पाणी अंधारात राहिलं पाहिजे. घरी बादलीत चिमूटभर माती कालवून हा सराव करता येतो. मी केला, आणि त्याने फरक पडला.

आता उणिवा. या कॅमेऱ्याला पूर्ण मॅन्युअल मोड नाही, शटरचा वेगही आपल्या हातात नाही. ॲपर्चर (लेन्सच्या भोकाचा आकार) ठरवायचा मोड आहे, पण त्यात प्रत्येक झूमला तीनच पायऱ्या मिळतात आणि शेवटची पायरी खरं ॲपर्चर नसून एनडी फिल्टर आहे. म्हणजे उजेड कमी होतो, फोकसची खोली काही वाढत नाही. निळ्याशार पार्श्वभूमीवर प्रवाळ उजळवायचा असे फोटो ज्यांना हवेत त्यांना शटर हातात नसणं सतत टोचेल. सेन्सर १/२.३३ इंचाचा, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. आयएसओ ४०० च्या पुढे मी जात नाही. हे सगळं माहिती करून घेऊन मी तो घेतला होता, म्हणून माझी तक्रार नाही, पण घेणाऱ्याने हे आधी वाचलेलं बरं.

या मर्यादेची खरी झळ मला मँडरिनफिशपाशी लागली. उथळ, तुटक्या प्रवाळाच्या ढिगात राहणारा बोटाएवढा मासा. निळ्यावर नारिंगी नक्षी. माशांमधला बहुतेक निळा रंग प्रकाशाच्या खेळातून दिसतो, याच्या त्वचेत मात्र खरं निळं रंगद्रव्य आहे, आणि अशी उदाहरणं प्राणिजगात फार थोडी. संध्याकाळी उजेड मावळताना नर बाहेर येतात, मादी येते, दोघं गालाला गाल लावून ढिगावर हातभर वर तरंगत जातात, अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात आणि क्षणात खाली गडप होतात. वर जाणं दोन-तीन सेकंदांचं. पांढरा टॉर्च मारला तर ते येतच नाहीत, म्हणून लाल उजेड. त्या अंधुक लाल उजेडात लहान सेन्सरचा फोकस चाचपडत राहतो. मी तीन संध्याकाळी तिथे बसले, ६१ फोटो काढले, त्यातले तीन स्पष्ट आले. मग युक्ती सापडली: ढिगाच्या टोकावर फोकस आधीच बसवून लॉक करायचा आणि ते त्या अंतरावर येईपर्यंत वाट पाहायची. त्या तीन फोटोंपैकी दोन तसे मिळालेत.

रुंद दृश्यांसाठी हा कॅमेरा एकटा पुरत नाही. हाउसिंगच्या सपाट काचेमागे २५ मिलिमीटरची लेन्स तेहतीसच्या आसपास अरुंद होते, आणि समोरून मांटा (अवाढव्य पाकट) आली की फोटोत पंखच मावत नाही. वरून बसवायची वाइड वेट लेन्स घ्यावी लागते. पाण्यात उतरल्यावर ती एकदा काढून पुन्हा बसवायची, नाहीतर दोन काचांमध्ये अडकलेले बुडबुडे फोटोत दिसतात. मी ती लेन्स मोजक्या वेळा नेते. पण मांटा डोक्यावरून गेलीच तर कॅमेरा कसाही असो, पोटाचा फोटो नक्की घ्या. पोटावरचे काळे ठिपके प्रत्येक मांटाचे निराळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, आणि संशोधक त्यावरून एकेक मांटा वर्षानुवर्षं ओळखतात. व्हेल शार्कच्या अंगावरच्या ठिपक्यांचंही तेच. ते जुळवायला २००५ साली जी पद्धत मांडली गेली ती मुळात खगोलशास्त्रज्ञांची आहे, आकाशाच्या फोटोंतले तारे ओळखायची. धूसर, निळा, कलात्मक दृष्ट्या टाकाऊ फोटोसुद्धा तिथे मोलाचा ठरतो. माझा एक असाच फोटो मी पाठवला होता. एका मादीची ती नोंद झाली, याचा मला माझ्या कुठल्याही चांगल्या फोटोपेक्षा जास्त आनंद आहे.

वागणूक टिपायची असेल तर मात्र टीजी-६ सारखा सोबती नाही. वाळूत गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबी एकाच बिळात राहतात. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर बीळ उपसते, पुढच्या दोन पायांनी वाळू ढकलत बाहेर आणते, आणि बाहेर असताना तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगावर टेकलेली असते. गोबी पहारा देतो. धोका दिसला की शेपटी थरथरवतो, मिशीला ते कळतं आणि दोघंही आत. हे नुसतं पाहायला मला सहा डाइव्ह लागल्या. सातव्या वेळी मी दोन मीटरवर वाळूच्या वर तरंगत राहिले, श्वास लांब आणि हळू, आणि प्रत्येक उच्छ्वासाला बोटभर पुढे. मोठे हात असलेलं सामान असतं तर त्याची सावलीच आधी पोचली असती. बावीस मिनिटांनी माझ्या आणि त्या बिळाच्या मध्ये एक वीत उरली होती. कोळंबी खडा ढकलत बाहेर आली, मिशी मागे वळवली, गोबीच्या कल्ल्यामागे टेकवली. तो एक फोटो मी मोठा करून भिंतीवर लावलाय.

मोरपंखी मँटिस श्रिंपसमोर याच्या उलट वागायचं: दूर राहायचं. त्याचा ठोसा सेकंदाला २३ मीटर वेगाने बसतो, शिंपले त्याने फुटतात, आणि हाउसिंगची काच त्याला शिंपल्यापेक्षा वेगळी वाटेल याची खात्री नाही. पूर्ण झूम, वीतभर अंतर. डोळे देठांवर, दोन्ही स्वतंत्र फिरणारे. फोटोत प्रत्येक डोळ्यात तीन-तीन काळे ठिपके दिसतात, कारण त्याच्या एकाच डोळ्याचे तीन भाग एकाच वेळी तुमच्याकडे पाहत असतात.

एक सावधगिरी. अशी बावीस मिनिटं कुठेही घालवताना गेज (टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा काटा) बघायचं भान सुटतं. अठरा मीटरवर हवा वरच्यापेक्षा २.८ पट वेगाने खर्च होते. एकदा एका माकुळापाशी मी इतकी रमले की बडीने (जोडीला उतरलेल्या मैत्रिणीने) टाकीवर टकटक करून मला भानावर आणलं, तेव्हा ७० बार उरले होते आणि मी मनाशी १२० धरून बसले होते. बोटीवर चढल्यावर ती एवढंच म्हणाली, "अगं, माकूळ उद्याही भेटेल." तेव्हापासून प्रत्येक जिवानंतर गेज, मग पुढचा जीव, हा नेम मी मोडलेला नाही.

हाउसिंगची निगा हा कंटाळवाणा विषय आहे, पण कॅमेरे तिथेच मरतात. माझा पहिला, दुसऱ्याच कुठल्या तरी बनावटीचा, असाच गेला. ओ-रिंगवर, म्हणजे हाउसिंगचं दार पाणीबंद ठेवणाऱ्या रबरी कड्यावर, माझाच एक केस अडकला होता. बारा मीटरवर हाउसिंगच्या तळाशी चमचाभर पाणी डुचमळताना दिसलं आणि वर पोचेपर्यंत पडदा काळा. तेव्हापासून केस बांधून, हात कोरडे करून, चांगल्या उजेडात ओ-रिंग काढते, बोटांमधून फिरवून चाचपते, खाचेतून कोरडी काडी फिरवते. सिलिकॉन ग्रीस मुगाएवढं, रबर चकाकेल इतकंच. जास्त लावलं तर वाळू चिकटते. आत सिलिका जेलची पुडी, नाहीतर गरम बोटीवरून गार पाण्यात उतरताना काचेवर वाफ धरते. नवं हाउसिंग आलं की पहिली डाइव्ह रिकामी, आत फक्त घडी केलेला टिश्यू पेपर. तो कोरडा वर आला तर दुसऱ्या डाइव्हला कॅमेरा. परत आल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं आणि पाण्यातच प्रत्येक बटन दाबायचं, म्हणजे स्प्रिंगांमध्ये मीठ सुकत नाही. चार वर्षांत पीटी-०५९ मध्ये पाण्याचा थेंब शिरलेला नाही. फ्लॅशवर काम असतं म्हणून बॅटरी मी दर दोन डाइव्हना बदलते. तीन बॅटऱ्या जवळ असल्या की दिवस निघतो.

आता एक कडू गोष्ट, ती सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू अपुरा राहील. पिग्मी समुद्रघोडा माहीत असेल. दोन सेंटिमीटर लांब, सी फॅनच्या (पंख्यासारख्या पसरणाऱ्या प्रवाळाच्या) गाठींसारख्याच गुलाबी गाठी अंगभर. जॉर्ज बार्जिबां यांनी १९६९ साली न्यू कॅलेडोनियातल्या मत्स्यालयासाठी सी फॅन गोळा केला आणि तो न्याहाळताना त्यावर हे समुद्रघोडे सापडले, तोवर त्यांचा पत्ता नव्हता. एका ठिकाणी गाइडने आम्हाला असा एक दाखवला. तो पाठ फिरवून होता. गाइडने सळईने सी फॅनची फांदी वाकवली आणि त्याला ढोसून आमच्याकडे वळवला, आमचे फोटो चांगले यावेत म्हणून. मी हाताने नको-नको केलं, पण तोवर दोघांचे फ्लॅश उडाले होते. मी फोटो काढला नाही. वर आल्यावर मी त्याला सांगितलं की मला पाठमोराच चालला असता. तो म्हणाला, "ताई, लोक तोंड मागतात." हे खरं आहे, आणि म्हणून मी हे लिहितेय. तोंड मागू नका. २०१९ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात समुद्रघोडे आणि तळाशी राहणाऱ्या इतर माशांवर फ्लॅशचा परिणाम तपासला होता. फ्लॅशचा त्रास जवळ माणूस असण्याच्या त्रासापेक्षा फारसा जास्त आढळला नाही, हाताळण्याचा, ढोसण्याचा त्रास मात्र स्पष्ट दिसला. तरीही मी एका पिग्मीचे पाचाहून जास्त फोटो घेत नाही. एवढं मागे राहून काम भागवता येतं, हे या कॅमेऱ्याच्या लांब झूमवरच्या मायक्रोस्कोप मोडमुळेच.

२०२३ साली याचा पुढचा भाऊ टीजी-७ आला, ओएम सिस्टम या नावाने. सेन्सर आणि लेन्स तीच, चार्जिंगला यूएसबी-सी, उभ्या व्हिडिओची सोय. पाण्याखालच्या फोटोंसाठी दोघांत निवड करायला मला कारण दिसत नाही. जुना टीजी-६ चांगल्या अवस्थेत मिळाला तर खुशाल घ्या, फक्त हाउसिंगची ओ-रिंग नवी घाला. आधी कॅमेरा आणि हाउसिंग, मग स्ट्रोब, आणि वेट लेन्स अगदी शेवटी. पक्षी टिपावा तसे वेगवान मासे टिपायचे असतील, किंवा मोठ्या छपाईची दृश्यं हवी असतील, तर या वाटेला न जाता थेट मिररलेसकडे जा. लहान जिवापाशी थांबायची आवड असेल तर दुसरं काही शोधू नका.

आता तो दगड. तिसऱ्या दिवशी नारिंगी रंग मळकट झाला होता. चौथ्या दिवशी प्रत्येक कुपीत दोन काळे ठिपके. सहाव्या दिवशी ठिपके रुपेरी झाले, त्यांना कड आली, आणि पडद्यावर झूम करून पाहताना मला कळलं की ते डोळे आहेत. शेकडो डोळे, सगळे बाहेर पाहणारे. नर दिवसभर पंखांनी पाणी घालत होता. मधेच तोंड घालून एखादं पांढरं पडलेलं, मेलेलं अंडं उचलायचा आणि बाजूला टाकायचा. मादी त्याच्याहून मोठी, ती माझ्यावर धावून यायची आणि दोनदा अंगठ्याला चावली. चौथ्या दिवसापासून धावून येणं कमी झालं, निदान मला तसं वाटलं. मी रोज तीनच मिनिटं घ्यायचे, समुद्रफुलाची झालर पाण्याच्या हेलकाव्याने आपोआप उचलली जाईल तेव्हाच फोटो, हाताने ती कधी सारली नाही. म्हणून एखाद्या दिवशी एकच फोटो मिळे.

आठव्या दिवशी कुपीच्या पातळ भिंतीतून अख्खं पिल्लू दिसत होतं, शेपटी गुंडाळून डोळ्यांपर्यंत आलेली. क्लाऊनफिशची पिल्लं अंधार पडल्यावर बाहेर पडतात. त्या रात्री आमची बोट निघणार नव्हती. नवव्या दिवशी सकाळी गेले तर दगड स्वच्छ होता, आणि नर तो तोंडाने पुन्हा खरवडत होता. मी स्ट्रोब बंद केला आणि तसाच, निळ्या उजेडात, त्याचा एक फोटो घेतला.